ऑफ-रोडसाठी छाती, पाठ, खांदे: कुठलं प्रोटेक्शन घ्यावं?

धुरळा_उडव
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या. रोडवर गाडी चालवायची जुनी सवय आहे, पण हल्ली हलकी ड्युअल-स्पोर्ट (डांबर-माती दोन्हीवर चालणारी बाइक) घेतल्यापासून कच्चे रस्ते, दगडधोंडे, नदीकाठची रेती असलं सगळं चालू झालंय. हेल्मेट, बूट, गुडघ्यांचे गार्ड घेऊन झाले. कंबरेच्या वर काय घालायचं यावर मात्र डोकं पार फिरलंय. एकीकडे ते जर्सीवरून घालतात ते प्लास्टिकचं कवच, दुसरीकडे जाळीचा आरमर शर्ट ज्यात खांदा-कोपर-पाठ सगळे पॅड आधीच बसवलेले असतात, तिसरीकडे नुसता छाती-पाठीचा व्हेस्ट, आणि मित्र म्हणतात रोडचं जॅकेट आहे ना तुझ्याकडं, तेच चढव की. दुकानात विचारलं तर जो माल पडून आहे तोच बेस्ट असतो. सगळ्यांवर सीई (युरोपच्या नियमांत बसतं अशी खूण) लिहिलेलं, मग फरक काय? वर उन्हात जीव जातो तो मुद्दा वेगळाच. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

सुटाबोल्ट
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नेक ब्रेसचा (मानेभोवती घालायच्या कडक आधाराचा) विषय निघेस्तोवर शांतता राहील, मग शंभरी पक्की.

चिखलमामा
धुरळाभाऊ, कुठला ब्रँड हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी आपल्याला नक्की काय लागणार आहे ते ठरवा. ऑफ-रोडला छातीवर चार गोष्टी आदळतात: पुढच्या गाडीच्या चाकानं उडवलेले दगड, स्वतःचं हँडल, जमीन, आणि आपण खाली पडल्यावर अंगावर येणारी आपलीच गाडी. या चारींचा मार वेगवेगळा असतो आणि चारींवर एकच उपाय चालत नाही.

जर्सीवरून घालतात ते पातळ प्लास्टिकचं कवच, त्याला रूस्ट गार्ड म्हणतात, ते मुळात पहिल्या कामासाठी बनलेलं आहे. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर पुढचा गडी गॅस उघडतो तेव्हा मागच्याच्या छाताडावर खडी येऊन आदळते, ती अडवायला. आतून फोम जेमतेम, बाजू उघड्या, वजन काहीच नाही, हवा मस्त खेळते. यात वाईट काही नाही, फक्त ते घालून दगडावर आपटलात तर ते तुम्हाला वाचवेल अशी अपेक्षा करू नका, ते त्यासाठी केलेलंच नाही. तुम्ही एकटे नाहीतर दोघं-तिघं अंतर ठेवून ट्रेलवर फिरणार असाल तर उडणारे दगड हा तुमचा मोठा प्रश्नच नाहीये, तुमचा प्रश्न पडणं हा आहे.

आणि ट्रेलवर पडणं म्हणजे बहुतेक वेळा कमी स्पीडला, पण खाली काय असेल ते सांगता येत नाही. रोडवर माणूस पडला की घसरत जातो, म्हणून तिथं कातडी सोलवटणं मोठं असतं आणि कापड जाड लागतं. इथं घसरायला जागाच नसते, थेट दगड नाहीतर झाडाचं मूळ. म्हणून इथं कापडापेक्षा पॅडला महत्त्व.

गिअर_दोन
मामांना +१. फक्त लेबलचं सांगतो कारण सीई या दोन अक्षरांवर लोक फार भुलतात.

नुसतं सीई बघू नका, त्याच्या खाली नंबर कुठला ते बघा. दगड अडवणाऱ्या कवचांचं मानक वेगळं आहे, ईएन १४०२१ (ईएन म्हणजे युरोपचं मानक). त्यात पडल्यावरच्या आपटण्याची ती टेस्टच नसते. बाजारात 'चेस्ट प्रोटेक्टर' नावानं जे विकतात त्यातल्या बऱ्याच मालावर हा एवढाच नंबर असतो आणि घेणाऱ्याला वाटतं छाती सुरक्षित झाली. आपटण्याच्या मारासाठी ईएन १६२१ ची मालिका आहे. त्यात १६२१-१ म्हणजे खांदा, कोपर, खुबा, गुडघा. १६२१-२ म्हणजे पाठ. १६२१-३ म्हणजे छाती. १६२१-४ हे दोरी ओढून फुगणाऱ्या एअरबॅगचं.

टेस्ट साधारण अशी असते की पॅडवर ५० ज्यूल ऊर्जेचा ठोका मारतात आणि पॅडच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. खांदा-कोपराच्या पॅडला लेव्हल १ मिळायला सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत लागतं, लेव्हल २ ला २० च्या आत. पाठीला नियम कडक, लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. म्हणजे पाठीचं लेव्हल २ पॅड लेव्हल १ च्या निम्माच जोर आत सोडतं, हा फरक लहान नाही. त्यामुळं जागा आणि बजेट दोन्हीत ओढाताण असेल तर पाठीला लेव्हल २ घ्या, कोपराला लेव्हल १ वर भागवा असं माझं मत.

आणखी एक, लेबलवर चौकोनात मोटरसायकलवाल्याचं चित्र असतं आणि शेजारी अक्षर. एस म्हणजे शोल्डर, ई म्हणजे एल्बो. पाठीला एफबी असेल तर पूर्ण पाठ, सीबी असेल तर मधला पट्टा, एलबी म्हणजे फक्त कंबरेकडचा भाग. बरेच शर्ट 'बॅक प्रोटेक्टर लेव्हल २' म्हणून मिरवतात आणि उघडून बघितलं तर सीबी, म्हणजे मणक्यावरून उतरणारी चिंचोळी पट्टी, बरगड्यांना काहीच नाही. खांदा-कोपराला ए आणि बी असे टाइप आहेत, ए लहान, बी मोठं. शक्य असेल तर बी.

'सीई टेस्टेड फोम', 'सीई मटेरियल' असलं काही लिहिलं असेल आणि नंबर, चित्र, लेव्हल यांचा पत्ता नसेल तर ते परत ठेवून द्यायचं.

धुरळा_उडव
बापरे, हे सोनं आहे. माझ्या मित्राकडचं कवच आत्ता बघून आलो, त्यावर १४०२१ च आहे! तो ते घालून पठ्ठ्या कुठल्याही उतारावरून गाडी खाली घालतो. त्याला ही लिंक पाठवली.

मग गिअरभाऊ, कडक प्लास्टिक की मऊ पॅड? ते नारिंगी रंगाचं मऊ असतं ना, हातात घेतलं तर च्युइंगमसारखं लागतं, त्यानं खरंच काही होतं का?

गिअर_दोन
नारिंगी म्हणजे डी३ओ म्हणताय. त्या जातीत जर्मनीचं सॅसटेक पण आहे. गंमत अशी की हे पदार्थ हळू दाबले तर वाकतात आणि झटक्यानं मार बसला की त्या क्षणापुरते घट्ट होतात, मग परत मऊ. म्हणून अंगाला छान बसतात आणि लहानसहान पडण्यात फेकून द्यावे लागत नाहीत. पण तापमानाचं त्यांना वावडं आहे, थंडीत कडक होतात आणि उन्हात जास्त मऊ पडतात. लेबलवर टी+ असेल तर ४० अंशांना टेस्ट झालीय, टी- असेल तर उणे १० ला. ही टेस्ट ऐच्छिक असते, म्हणून सगळ्यांवर दिसत नाही. उन्हातान्हात चालवणाऱ्यानं टी+ आवर्जून शोधावं.

कडक कवच मार शोषत नाही, पसरवतं. टोकदार दगड, तुटलेली फांदी, ग्रिप फाटून उघडं पडलेलं हँडलचं टोक, असल्यापुढं मऊ पॅडची पंचाईत होते कारण सगळा जोर एका ठिकाणी येतो. वरचं कडक कवच तो जोर मोठ्या भागावर वाटून देतं आणि खालचा फोम मग उरलेला खातो. शिवाय कडक पृष्ठभाग दगडावरून सरकून जातो, मऊ रबरी पॅड अडकतं आणि अंगाला झटका देतं. त्यामुळं छाती आणि पाठीला वर कडक-खाली मऊ असं जोडकाम, खांदा-कोपराला मऊ चालतंय. कोपराला मात्र वरून पातळ कडक वाटी असेल तर मी ती घेईन, कारण कोपर सगळ्यात आधी दगडावर टेकतं.

अस्थिवैद्य
मी हाडांचा डॉक्टर आहे आणि स्वतः एन्ड्युरो (लांब, खडतर ऑफ-रोड) चालवतो, त्यामुळं दोन्ही बाजूंनी लिहितो. इथं कुणी कुणाची तपासणी करत नाहीये, सर्वसाधारण माहिती समजा.

पहिली गोष्ट, खांद्याचं पॅड घातलं म्हणजे कॉलरबोन मोडणार नाही, हा गैरसमज. ऑफ-रोडवाल्यांचं ते सगळ्यात नेहमीचं फ्रॅक्चर आहे आणि बहुतेक वेळा त्याच्यावर थेट मार बसलेलाच नसतो. माणूस खांद्याच्या टोकावर पडतो, जोर हाडाच्या लांबीतून छातीकडं जातो आणि हाड मधल्या भागात मोडतं. पॅड खांद्याच्या टोकावरचा झटका थोडा कमी करतं, खरचटणं वाचवतं, खांद्याचा सांधा जिथं कॉलरबोनला मिळतो तिथला मार हलका करतं, ते नक्कीच घालावं. फक्त जादू समजू नये.

तसंच पाठीचं. बॅक प्रोटेक्टर थेट मारासाठी आहे, म्हणजे पाठीवर दगड आला, गाडीचा फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) आला. मणक्याची गंभीर दुखापत बऱ्याचदा डोक्यावर किंवा ढुंगणावर आपटून मणका दाबला गेल्यानं किंवा अंग वेडंवाकडं मुडपल्यानं होते आणि तिथं पाठीची कुठलीही प्लेट फारसं काही करू शकत नाही. म्हणून प्लेट आहे या भरवशावर उड्या वाढवू नका.

जिथं चांगल्या गिअरनं खरोखर चित्र बदलतं ती जागा म्हणजे बरगड्या. आणि नेमकी तीच जागा बऱ्याच कवचांत उघडी असते. व्हेस्ट घालून हात वर करा आणि आरशात काखेखाली बघा, तिथं नुसता इलॅस्टिकचा पट्टा असेल तर आडवं पडल्यावर जमीन थेट बरगड्यांना भेटणार. बरगडी मोडली की आठवडे श्वास घेताना, खोकताना, कुशीवर वळताना आठवण येते, आणि तुटलेलं टोक फुप्फुसात घुसलं तर प्रकरण जिवावर येतं. तेव्हा बाजूचं कव्हर बघूनच घ्या.

आणि पोट. त्याला कुठलंही कवच धड झाकत नाही, कारण झाकलं तर वाकता येत नाही. हँडलचं टोक पोटात घुसणं हा प्रकार बाहेरून साधा दिसतो, नुसता गोल वळ, पण आत डावीकडं प्लीहा आणि उजवीकडं यकृत असतं. असा मार बसल्यावर चक्कर, घाम, पांढरं पडणं, पोट कडक होणं किंवा डाव्या खांद्याला काही लागलेलं नसताना तिथं दुखणं, यातलं काहीही झालं तर राईड तिथंच संपवा आणि हॉस्पिटल गाठा. 'थोडा वेळ बसतो, बरं वाटेल' यात वेळ घालवू नका.

चिखलमामा
डॉक्टरसाहेब, पोटाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडं लोक हाड मोडलं तरच लागलं म्हणतात.

आडवाटे
मी जरा वेगळं बोलणार. इथं सगळे मोटोक्रॉसच्या हिशोबानं लिहितायत. माझं चालवणं म्हणजे अर्धा दिवस डांबर, अर्धा दिवस माती, मागं सामान, संध्याकाळी थंडी. त्याला जॅकेटच बरं. एकच चढवलं की काम झालं, खिसे आहेत, पाऊस आला तर चालतं. आरमर शर्ट घालून हायवेला शंभरनं जाणारे लोक बघितले की मला कापरं भरतं, जाळी आहे ती, डांबरावर दोन सेकंदात फाटेल.

गिअर_दोन
आडवाटे, तुमच्या वापराला तुमचं बरोबर. जाळीच्या आरमर शर्टवर बऱ्याचदा ईएन १७०९२ (बाइकच्या कपड्यांचं मानक) चा क्लास सी असतो, म्हणजे कापडाची घसरण्याची टेस्टच नाही, ते फक्त पॅड जागेवर धरायला आहे. एए, एएए हे डांबरासाठी. क्लास सी वरून जॅकेट घालायचं असतं हे मानकात गृहीतच धरलेलं आहे.

पण तुमच्या जॅकेटचं एक सांगा, कोपराचं पॅड दुसऱ्या हातानं धरून पिळलं तर किती फिरतं?

आडवाटे
...फिरतं. बरंच फिरतं. मुद्दा लक्षात आला.

चिखलमामा
हाच तर सगळा घोळ आहे बघा. लेव्हल २ चं पॅड पण मार बसताना कोपराच्या बाजूला सरकलेलं असेल तर ते लेव्हल शून्य. जॅकेट ढगळ असतं, बाही गोल फिरते, पडल्यावर आधी कापड सरकतं आणि हाड उघडं पडतं. आरमर शर्ट अंगाला चिकटून असतो म्हणून त्यातलं पॅड जागेवर राहतं. म्हणून मिश्र वापरवाल्यांसाठी मला पटणारा मार्ग म्हणजे आत चिकट आरमर शर्ट, वरून पॅड काढून टाकलेलं जॅकेट. जॅकेटमधले पॅड काढायला विसरू नका हं, नाहीतर पॅडवर पॅड बसून बाही आवळते, हात भरून येतो आणि हँडल धरवत नाही. माती लागली, उकडायला लागलं, की जॅकेट काढून मागं बांधायचं, आरमर अंगावरच.

फिटिंग तपासायचं तर दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. पेगवर उभं राहतो तसं गुडघे वाकवायचे, कंबर मागं, कोपरं बाहेर, हात हँडल धरल्यासारखे. डोक्यावर स्वतःचं हेल्मेट हवं, म्हणून ते सोबत न्यायचं. मग मान वर करून लांब बघायचं. पाठीच्या प्लेटची वरची कड हेल्मेटला धडकली तर मान वर होणार नाही आणि उतारावर खाली नजर अडकेल. खाली बसून बघायचं, प्लेटची खालची कड सीटला टेकून वर ढकलली जातेय का. मग दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली आणायचे, खांद्याच्या वाट्या परत आपल्या जागी आल्या पाहिजेत, कानाजवळ राहता कामा नयेत. आणि पाठीची साइज छातीच्या मापावर घेऊ नका, खांदा ते कंबर या लांबीवर घ्या. उंच बारीक माणूस आणि बुटका रुंद माणूस दोघांची छाती सारखी असू शकते, पाठ सारखी नसते.

रेती_राणी
फिटिंगचा विषय निघालाच आहे तर बायकांचंही लिहिते कारण इथं कुणी लिहिणार नाही. 'लेडीज' म्हणून जे विकतात त्यात निम्मा माल पुरुषांचाच, फक्त लहान साइज आणि जांभळी शिलाई. छातीचं सपाट पॅड असेल तर ते मधे उचललं जातं आणि खालच्या बरगड्यांपासून सुटतं, म्हणजे जिथं चिकटून हवं तिथंच पोकळी. दोन भागांत विभागलेलं छातीचं पॅड, मधून चेन असलेलं, ते बरंच चांगलं बसतं. खरोखर बायकांच्या शरीरासाठी साचा बनवलेली कवचं पण मिळतात, घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. कंबर बारीक आणि पाठ आखूड असेल तर लांब प्लेट सीटवर टेकते, त्यामुळं मामांची बसून बघायची टेस्ट आपल्याला दुप्पट महत्त्वाची. आणि आत स्पोर्ट्स ब्रा बिनहुकाची घाला. पाठीवर पडल्यावर हुक प्लेटखाली रुततो, एवढंच सांगते.

अजून एक, कोपराच्या पॅडचा वरचा पट्टा. मनगट-कोपर बारीक असलं की पॅड सरकू नये म्हणून पट्टा आवळला जातो आणि मग पुढचा हात दगड होतो, बोटं ब्रेक-क्लच ओढेनाशी होतात. पट्टा आवळून टिकवावं लागत असेल तर साइजच चुकलीय समजा, एक नंबर लहान घ्या.

धुरळा_उडव
राणीताई, हा पट्ट्याचा मुद्दा मला पण लागू, माझे हात काड्याच आहेत.

सुटाबोल्ट
मला वाटलं होतं आत्तापर्यंत कुणीतरी काढेल, पण सगळे शहाणे झालेत. बरं मीच काढतो. नेक ब्रेस?

चिखलमामा
😄 आला बघा.

आडवाटे
नेक ब्रेसनं कॉलरबोन मोडते असं ऐकलंय. शिवाय ते घालून मागं वळून बघता येत नाही. माझं मत नको.

अस्थिवैद्य
वाद आहे हे खरं, आणि दोन्हीकडचे लोक फार खात्रीनं बोलतात. ब्रेसचं काम असं की डोकं एका मर्यादेबाहेर पुढं, मागं, बाजूला गेलं की हेल्मेटची कड ब्रेसवर टेकते आणि जोर मानेऐवजी छाती, पाठ, खांद्यांकडं जातो. ही कल्पना प्रसिद्ध केली ती दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. क्रिस लीट यांनी. २००१ मध्ये एका सहकारी रायडरचा मृत्यू समोर बघितल्यावर ते या कामाला लागले. आता अल्पाइनस्टार्स, ॲटलस वगैरेंचे पण ब्रेस आहेत आणि प्रत्येकाचा जोर वाटायचा मार्ग वेगळा. कुणी पाठीवर लांब शेपटी टेकवतं, कुणी खांद्याच्या हाडांना टाळून छातीवर. कॉलरबोनची भीती मुख्यतः ब्रेस त्या हाडावरच बसलेला असेल तर. म्हणजे परत फिटिंगच. सगळ्या माना वाचतात असं मी म्हणणार नाही, उभ्या दाबाच्या माराला ब्रेस फारसा उपयोगी नाही. मी स्वतः ट्रॅकवर आणि उड्या असतील तिथं घालतो, हळू टेक्निकल चढावर काढून ठेवतो.

बाकी ती मऊ फोमची गोल कॉलर मिळते, गळ्यात अडकवायची, तिला ब्रेस समजू नका.

चिखलमामा
माझं डॉक्टरांशी अर्ध जुळतं. मी हळू चढावर पण घालतो, कारण हळू चढावरच माणूस गाडीसकट मागं उलटतो. पण प्रत्येकाची पडायची तऱ्हा वेगळी.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ब्रेस घ्यायचा थोडाही विचार असेल तर तो आधी ठरवा, कवच नंतर. ब्रेस बसायला कवचाला गळ्याशी खाच लागते, पाठीच्या पॅडचा वरचा तुकडा काढता यावा लागतो. उलट्या क्रमानं गेलात तर ब्रेस कवचावर तरंगत राहतो, आणि तरंगता ब्रेस धोक्याचाच, कारण तो कुठं टेकेल ते आपल्या हातात नाही.

हळूचालक
माझा मुलगा आठ वर्षांचा, छोटी गाडी चालवतो, मैदानातच, मी सोबत असतो. त्याला काय घेऊ? पुढच्या वर्षी पण चालेल असं थोडं मोठं घेतलं तर?

रेती_राणी
मोठं अजिबात नको. मोठं कवच पडल्यावर हनुवटीखाली येऊन आदळतं, मी बघितलंय एका पोराचं, नशिबानं नुसतं ओठावर निभावलं. आजच्या मापाचं घ्या. अडजस्ट होणारे पट्टे असलेलं घेतलं तर थोडी वाढ निघते.

अस्थिवैद्य
राणींना पूर्ण सहमत. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात, त्या न मोडताच मार आत फुप्फुसाला, पोटातल्या अवयवांना पोचतो. म्हणून 'बरगडी ठीक आहे म्हणजे सगळं ठीक' हे मुलांच्या बाबतीत धरू नका. छाती, पाठ आणि बाजू झाकणारं, १६२१ चं लेबल असलेलं घ्या. मुलांच्या गिअरमध्ये फक्त १४०२१ वालं फार विकलं जातं, चित्रं छान असतात त्यावर.

हळूचालक
धन्यवाद दोघांना. चित्रंच बघत होतो खरं तर.

धुरळा_उडव
आता उन्हाचं कोणी सांगा. आणि एअरबॅगचं पण, हल्ली सगळे तेच बोलतात.

गिअर_दोन
एअरबॅग: रोड रेसिंगमध्ये मोटोजीपीला २०१८ पासून सक्तीची आहे, डकार रॅलीत बाइकवाल्यांना २०२१ पासून. ऑफ-रोडला अवघड भाग हा की उडी मारून उतरणं, खडकावर आपटणं, गाडी सोडून उडी टाकणं हे सगळं सेन्सरला पडल्यासारखंच वाटतं. म्हणून रोडची एअरबॅग मातीत वापरू नका, ऑफ-रोडचं वेगळं सॉफ्टवेअर असलेलीच हवी, उदाहरणार्थ अल्पाइनस्टार्सची टेक-एअर ऑफ-रोड, तिच्यात छाती-पाठीचे पॅड पण आत आहेत. दोरीवाली गाडीला बांधायची असते, आणि आपण मातीत सारखं गाडीवरून उतरतो, गाडी ढकलतो, दोरी काढायची विसरतो. गॅसची नळकांडी बदलावी लागते, चार्जिंग लागतं, गरम होतं. दिवसाला तीनदा आडवं होणाऱ्या नवशिक्याला मी आत्ता तरी सांगणार नाही, आधी साधं कवच.

चिखलमामा
उन्हाचं मी सांगतो. उकडतंच, त्याला इलाज नाही, पण उकाड्यापायी काढून ठेवलेलं कवच घरात लटकून कुणाला वाचवत नाही, म्हणून घेतानाच उकाड्याचा विचार करा. काही गोष्टींनी फरक पडतो. आत कॉटनचा टीशर्ट नको, तो घाम पिऊन बसतो आणि पॅडखाली चामडं सोलतो, पातळ घाम ओढणारा पूर्ण बाहीचा बेस लेअर घाला. त्यावर आरमर. त्यावर जाळीची ढगळ जर्सी. भोकं असलेली प्लेट आणि तिच्याखाली हवा जायला खाचा असलेला फोम बघा, नुसत्या वरच्या भोकांचा उपयोग नाही, खाली सपाट फोम चिकटलेला असेल तर हवा जाणार कुठून? गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते तेव्हा हवा लागतच नाही हे पण लक्षात घ्या, म्हणून थांबलात की चेन उघडा, पाणी प्या, जर्सी भिजवा. मळमळ, डोकं दुखणं, घाम येणं बंद होणं म्हणजे बस झालं, सावली गाठा.

पाण्याची पिशवी पाठीवर घेणार असाल तर ती कवचावर घालूनच फिटिंग बघा. आणि त्या पिशवीत टायर लिव्हर, पंप, पाने असला लोखंडी माल मणक्याच्या रेषेत ठेवू नका. महागाची लेव्हल २ प्लेट घालायची आणि तिच्यावर लोखंड बांधून पाठीवर पडायचं, याला काय म्हणावं. हत्यारं गाडीवर बांधा.

आडवाटे
हे माझ्यासाठी लिहिलंय का मामा 😅 माझी लिव्हर तिथंच असते.

चिखलमामा
नाव नाही घेतलं कुणाचं.

धुरळा_उडव
तर माझं ठरतंय ते असं: लेव्हल २ पाठ, लेव्हल निदान १ छाती, बाजूला पॅड असलेला चेनवाला आरमर शर्ट, कोपराला वाटी, टी+ बघून. डांबरावर वरून जॅकेट. ब्रेस पुढच्या टप्प्यात पण खाच असलेलाच शर्ट घेणार. चुकतंय का काही?

गिअर_दोन
चांगलं आहे. फक्त छातीचं पॅड 'वेगळं घ्या, खिसा दिलाय' असं असतं बऱ्याच शर्टांत, डब्यात पॅड आहे की नुसता खिसा ते विचारा. आणि लेबल शर्टावर नको, पॅड बाहेर काढून पॅडवर बघा.

रेती_राणी
आणि पहिल्यांदा घालून लगेच लांब जाऊ नका, घरात तासभर घालून कामं करा. जिथं टोचणार असेल तिथं तासाभरात कळतं.

हळूचालक
धुवायचं कसं हे सगळं? माझ्या गुडघ्याच्या गार्डाचा वास आता घरात पुरेना झालाय.

रेती_राणी
पॅड सगळे बाहेर काढा आणि कुठलं कुठून काढलं त्याचा आधी फोटो काढून ठेवा, डावं-उजवं कळत नाही नंतर. शर्ट गार पाण्यात सौम्य साबणानं हातानं, वेल्क्रो चिकटवून ठेवून, नाहीतर जाळी ओढली जाते. पिळू नका. पॅड ओल्या फडक्यानं पुसून सावलीत. उन्हात नाही, गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही, मऊ पॅड तिथं वाकडे होतात आणि तसेच राहतात. कंपनीच्या पुस्तिकेत किती वर्षांनी बदलायचं ते दिलेलं असतं, पण त्याआधी सुद्धा चीर गेली, कडा भुसभुशीत झाल्या किंवा दाबून परत फुगत नसेल तर बदला. थर्माकोलसारखा ठिसूळ फोम असलेल्या काही प्लेट एकदाच मार खातात, हेल्मेटसारख्या, त्या मोठ्या मारानंतर बाहेरून धड दिसल्या तरी बाद.

सुटाबोल्ट
मग सेकंडहँड?

गिअर_दोन
बूट घ्या सेकंडहँड. पाठ-छाती नको, आत काय झालंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

सुटाबोल्ट
ओके. माझा विकायला काढलेला व्हेस्ट मागं घेतो.